नाईलच्या वरच्या अंगाला

१९१० च्या डिसेंबरात सुदानमधल्या मेरोए येथे उत्खनन चालू असताना एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलेले ब्राँझचे मुंडके सापडले. मूळ पुतळा पुऱ्या माणसापेक्षा मोठा असणार. काच आणि दगड बसवून केलेले डोळे तसेच शाबूत, टक्क उघडे होते. मुंडके रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचे होते. रोमच्या सरहद्दीपासून इतके दक्षिणेला ते कसे आले, याचे उत्तर स्त्राबो या ग्रीक भूगोलकाराच्या लेखनात मिळते. इ.स.पू. २५ च्या सुमारास इजिप्तच्या दक्षिणेला असलेल्या कुश राज्याच्या सैन्याने रोमच्या ताब्यातल्या इजिप्तवर चढाई केली, अस्वान आणि फिली घेतले आणि सम्राटाचे पुतळे खाली ओढले. रोमच्या सुभेदाराने, पेट्रोनियसने, उलट स्वारी करून कुशचे नापाता शहर लुटले. तरीही शेवट तहाने झाला आणि त्या तहात ऑगस्टसने कुशवर लादलेला कर माफ केला. युद्धाच्या वेळी कुशची सूत्रे एका राणीच्या हाती होती. ‘कंदाके’ हे तिचे पद. ती एका डोळ्याने अधू होती, असे स्त्राबो लिहितो. संशोधक तिला अमानिरेनास म्हणून ओळखतात. लुटून आणलेल्या पुतळ्याचे मुंडके पायऱ्यांखाली अशा जागी पुरले होते की देवळात शिरणारा प्रत्येक जण रोमच्या सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊनच आत जाई.

ही हकिगत सहावी-सातवीच्या वर्गात सांगितली की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : हे कशावरून? अकरा ते तेरा या वयात मुले गोष्ट ऐकून गप्प बसत नाहीत. सांगणाऱ्याला कसे कळले, दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय होते, त्यात खोटे काही मिसळले नसेल कशावरून, असे ती विचारू लागतात. प्राचीन आफ्रिकेतील संस्कृती उच्च प्राथमिक वर्गांना शिकवाव्यात, यामागचे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे. या प्रश्नाला इतके समृद्ध उत्तर देणारा दुसरा विषय इतिहासाच्या शिक्षकाला क्वचित सापडेल. या खंडाचा प्राचीन इतिहास जसा पुराव्यांनी उभा राहिला, तसाच तो नाकारण्याचा इतिहासही कागदोपत्री शाबूत आहे. दोन्ही एकत्र शिकवता येतात. किंबहुना, ते वेगळे काढून शिकवू नयेत असे मी म्हणेन.

आपल्या मुलांना आफ्रिका भेटते ती तुकड्यातुकड्यांनी. इजिप्त भेटतो, तो मेसोपोटेमिया आणि चीन यांच्या पंगतीत, जणू तो आफ्रिकेत नाहीच. त्यानंतर मोठी पोकळी, आणि मग एकदम गुलामांचा व्यापार व युरोपीय सत्तांनी केलेली खंडाची वाटणी. मधल्या तीन-चार हजार वर्षांत तिथल्या माणसांनी काय केले, याचे उत्तर मुलांकडे नसते. उत्तर नसले की मूल आपोआप समजते की तिथे काही घडलेच नाही. हा समज कोणी मुद्दाम शिकवत नाही. पुस्तकातल्या कोऱ्या जागेतूनच तो तयार होतो.

नकाशा त्यात भर घालतो. वर्गात टांगलेल्या जगाच्या नेहमीच्या नकाशावर ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट मोठी आहे. भारतासारखे नऊ देश तिच्यात मावतील. सहारा वाळवंटही सदासर्वकाळ वाळवंट नव्हते. काही हजार वर्षांपूर्वी तिथे तळी होती, गवत होते, गुरे चरत होती. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या शैलचित्रांत ती गुरे आजही दिसतात. पाऊस आटला तशी माणसे पाण्याकडे, विशेषतः नाईलकडे, सरकली. म्हणून पहिल्या तासाला नकाशा आणि पाऊसमान घ्यावे, राजे नंतर.

आता नाकारण्याविषयी. एकोणिसाव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने आपल्या व्याख्यानांत आफ्रिकेला जगाच्या इतिहासातून सरळ वगळले होते. १९६३ मध्ये, म्हणजे खंडातले एकामागून एक देश स्वतंत्र होत असताना, ऑक्सफर्डचा नामवंत इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर म्हणत होता की आफ्रिकेला इतिहास नाही, असलाच तर तो तिथल्या युरोपीयांचा. हा समज इतका सर्वदूर होता की डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्यासारख्या कृष्णवर्णीय विद्वानालाही धक्का बसायची वेळ आली. १९०६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस अटलांटा विद्यापीठात भाषण द्यायला आले आणि आफ्रिकेतल्या जुन्या राज्यांविषयी बोलले. डू बॉइस तिथेच प्राध्यापक होते, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले होते. ते ऐकून आपण स्तब्ध झालो, असे त्यांनी पुढे लिहिले. एवढ्या शिकलेल्या माणसाला आपल्याच पूर्वजांचा इतिहास चाळिशीच्या उंबरठ्यावर ऐकायला मिळावा, हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

या परिस्थितीला सर्वांत मोठे उत्तर स्वतः आफ्रिकन इतिहासकारांनी दिले. १९६४ मध्ये युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसमावेशक इतिहास लिहून घेण्याचे ठरवले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकन होते. जोसेफ की-झेर्बो, शेख अंता दियोप, अमादू हांपाते बा अशा लोकांनी त्यात लिहिले. मूळ आठ खंडांच्या या मालेतला दुसरा खंड पूर्णपणे प्राचीन संस्कृतींना वाहिलेला आहे. या मालेच्या आधाराने शाळांसाठी साहित्य तयार करण्याचे काम २००९ पासून हाती घेतले गेले. आपण मराठीत या विषयाकडे वळतो तेव्हा ही पायवाट आधीच मळलेली आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

सुरुवात कुठून करावी? माझे मत स्पष्ट आहे : इजिप्तपासून नको. नाईलच्या वरच्या अंगाला, आजच्या उत्तर सुदानमध्ये, केर्मा नावाचे शहर होते. तिथून सुरुवात करावी. इ.स.पू. २५०० ते १५०० या काळात ते भरभराटीला आले. शहराच्या मध्यभागी कच्च्या विटांची भरीव, अवाढव्य धर्मवास्तू होती. तिला आज पश्चिम देफ्फुफा म्हणतात आणि ती अजूनही सुमारे १८ मीटर उंच उभी आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर याने १९१३ नंतर तिथली मोठी थडगी उकरली. त्यांत इजिप्तमधल्या अधिकाऱ्यांचे पुतळे निघाले. राइझनर अत्यंत काटेकोर उत्खनक होता, त्याच्या नोंदी आजही वापरल्या जातात. पण त्याने निष्कर्ष काढला की हे इजिप्तचे ठाणे आणि थडगी इजिप्शियन सुभेदारांची. काळ्या लोकांनी असे राज्य उभारले असेल, ही शक्यता त्याच्या विचारातच बसत नव्हती.

पुढे स्वित्झर्लंडचे शार्ल बोने यांनी केर्म्यात कित्येक दशके खोदकाम केले आणि घरे, तटबंदी, देवळे असलेले कुश राज्याच्या राजधानीचे स्वतंत्र शहर उजेडात आणले. मग ते पुतळे? त्याचे उत्तर २००३ मध्ये आले, तेही इजिप्तच्याच मातीतून. एल-काब येथल्या एका सुभेदाराच्या थडग्यात ब्रिटिश म्युझियमच्या पथकाला एक लेख सापडला. कुशने आपल्या मित्रांना घेऊन इजिप्तवर मोठी स्वारी केल्याचे वर्णन त्यात आहे. इजिप्तच्या राजांनी स्वतःच्या शिलालेखांत ही नामुष्की कधी कोरली नव्हती. पुतळे ठाण्यातले नव्हते, लुटीतले होते. एकच वस्तू, तिचे दोन अर्थ, आणि मधे नव्वद वर्षे. वर्गात आधी पुतळ्याचे चित्र आणि राइझनरचा निष्कर्ष द्यावा. मुलांना गटागटाने त्यावर वाद घालू द्यावा. एल-काबचा लेख दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा.

केर्म्याच्या सर्वांत मोठ्या थडग्यांत राजाबरोबर शेकडो माणसे पुरलेली आहेत, हेही सांगावे. लपवू नये. नाकारलेल्या इतिहासाची भरपाई करताना त्याला सोन्याचा मुलामा देण्याचा मोह होतो, आणि मुलांना तो चटकन कळतो. कुशनेही माणसे पकडून नेली, मालीच्या सुलतानाच्या पदरीही गुलाम होते. राज्ये जगभर जशी होती तशीच ही होती.

कुशचा पुढचा भाग मुलांना हमखास आवडतो. इ.स.पू. आठव्या शतकात कुशचा राजा पियांखी याने उत्तरेकडे कूच करून सारा इजिप्त जिंकला. त्याच्या वंशजांनी फेअरो म्हणून राज्य केले. इजिप्तच्या इतिहासात त्यांना पंचविसावे घराणे म्हणतात. पियांखीचा विजयलेख जेबेल बर्कल या डोंगरापाशी १८६२ मध्ये मिळाला. शरण आलेल्या राजाच्या तबेल्यात पियांखी गेला आणि वेढ्यामुळे उपाशी राहिलेले घोडे त्याने पाहिले. तुझ्या सगळ्या अपराधांपेक्षा हा मला जास्त लागला, अशा अर्थाचे त्याचे बोलणे त्या लेखात आहे. अल-कुर्रू येथे, त्याच्या पिरॅमिडपासून जवळच, राजघराण्याचे घोडे उभे पुरलेले सापडले आहेत. शिलालेखातल्या बढाईला इथे जमिनीतून दुजोरा मिळतो. शिलालेखावर किती विश्वास ठेवावा, हा अवघड प्रश्न बारा वर्षांच्या मुलाशी बोलायला याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही. आणि हो, सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, लहान आणि उभट. त्यांतल्या मेरोएच्या अनेक पिरॅमिडांची डोकी १८३४ मध्ये जुझेप्पे फेर्लिनी या इटालियन माणसाने खजिन्याच्या शोधात फोडली. मेरोएची स्वतःची लिपी आज वाचता येते, भाषा मात्र अजून पुरती उलगडलेली नाही. गणिताची आवड असलेल्या मुलांना हे जरूर सांगावे. त्यांच्या पिढीसाठी काम शिल्लक आहे.

पुराव्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पाठ ग्रेट झिम्बाब्वेचा. काळाने तो प्राचीन म्हणता येणार नाही, ते शहर साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकातले. पण प्राचीन, मध्ययुगीन हे कप्पे युरोप डोळ्यांपुढे ठेवून आखलेले आहेत. त्यांच्यासाठी हा पाठ सोडणे शहाणपणाचे नाही. ग्रॅनाइटच्या घडीव चिऱ्यांच्या, चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंती. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोहोचला. दाराच्या वरच्या लाकडाचा त्याने कपचा काढला, तो आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिला, वास सारखा वाटला. पेन्सिल देवदाराची, म्हणजे हे लाकूड लेबनॉनचे, म्हणजे ते फिनिशियन लोकांनी आणले, म्हणजे हा शेबाच्या राणीचा वाडा! लाकूड तिथल्याच एका झाडाचे होते. या युक्तिवादातली प्रत्येक पायरी फळ्यावर लिहावी आणि कुठली पायरी सर्वांत कच्ची आहे ते मुलांना शोधायला लावावे.

गोष्ट इथे संपत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड हॉल याला या अवशेषांची देखभाल सोपवली गेली. आफ्रिकन वस्तीची घाण काढून खालचे ‘खरे’ अवशेष मोकळे करायचे, या समजुतीने त्याने कित्येक फूट जाडीचे थर उकरून फेकून दिले. ज्या थरांत शहराचा इतिहास होता तेच गेले. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन यांनी उरलेल्या थरांतून दाखवून दिले की हे बांधकाम आफ्रिकनांचेच आहे. शास्त्रापुरता प्रश्न मिटला होता. पण ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला ते उत्तर परवडणारे नव्हते. काळ्या लोकांनी हे बांधले असे लिहू नये म्हणून अभ्यासकांवर दडपण येत राहिले, आणि पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाने १९७० मध्ये देश सोडला. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा लोकांनी देशाला याच दगडी शहराचे नाव दिले आणि तिथला दगडी पक्षी झेंड्यावर घेतला. सत्तेला इतिहासाची भीती का वाटते, हे मोठमोठे शब्द न वापरता या एका पाठात मुलांपर्यंत पोहोचते.

पश्चिम आफ्रिकेकडे वळताना मी शिक्षकांना एक विनंती करतो. मालीचा सुलतान मन्सा मुसा याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतके सोने वाटले की सोन्याचा भाव पडला. जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून अलीकडे त्याची आकड्यांनिशी जाहिरात होते. त्या आकड्यांना काही आधार नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. आफ्रिकेला इतिहास आहे हे पटवायला आपण पुन्हा राजा, सोने आणि मिरवणूक यांच्याच मागे जातो. ज्या फूटपट्टीने आफ्रिकेला खाली ढकलले, तीच फूटपट्टी उलटी धरून तिला वर काढू पाहतो.

म्हणून जेने-जेनो. माली देशात, नायजर नदीच्या आतल्या त्रिभुज प्रदेशात हे पांढरीचे टेकाड आहे. आपल्याकडे नेवासे किंवा तेर पाहिलेल्याला ते लगेच ओळखीचे वाटेल. रॉडरिक आणि सुसान मॅकिंटॉश यांनी १९७७ मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली. इ.स.पू. २५० च्या सुमारास वसलेली ही वस्ती इ.स. ८०० पर्यंत चांगले मोठे शहर झाली होती. नदीकाठी भात पिकत असे, तेही आशियाई नव्हे, आफ्रिकेत स्वतंत्रपणे लागवडीखाली आलेल्या जातीचे. लोखंड आणि तांबे दुरून येई. एवढे असून तिथे राजवाडा सापडला नाही, राजाचे भव्य थडगे सापडले नाही. मुख्य वस्तीभोवती लहान लहान टेकाडांचा पुंजका आहे आणि काही टेकाडांवर ठरावीक कसबाचे लोक राहत : कुठे लोहार, कुठे मासेमार. कोणी एक हुकूम सोडणारा नसतानाही हजारो माणसे शेकडो वर्षे एकत्र नांदली. शहर म्हटले की राजा, तट आणि प्रासाद असे समीकरण आपल्या पाठ्यपुस्तकांनी मुलांच्या डोक्यात पक्के केलेले असते. ते इथे मोडते. सिंधू संस्कृतीतली शहरे शिकलेल्या मुलांना तर दोन्हींची तुलना करण्याची छान संधी आहे.

नायजेरियातली नोक संस्कृती थोडक्यात घेतली तरी चालेल. कथिलाच्या खाणींत निघालेली भाजक्या मातीची ती शिल्पे अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी आहेत. १९४३ मध्ये त्यांतले एक डोके बर्नार्ड फॅग या अधिकाऱ्याच्या नजरेस आले, ते त्याआधी कंदांच्या शेतात बुजगावणे म्हणून वापरले जात होते. त्याच लोकांच्या लोखंड गाळण्याच्या भट्ट्या आणि धातुमळी तारुगा येथे मिळाल्या. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी दगडाच्या हत्यारांनंतर थेट लोखंड आले, मधले ताम्रयुग आलेच नाही. युगांची पायऱ्यांसारखी रांग पाठ केलेल्या मुलांना हे सांगितलेच पाहिजे.

अक्सुमच्या पाठात मात्र आपला किनारा आपोआप येतो. इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्या उंच पठारावरचे हे राज्य इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून नावारूपाला आले. त्याचे बंदर तांबड्या समुद्रावरचे अदुलिस. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत अदुलिसला भारतातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड येत असल्याची नोंद आहे. अदुलिसहून हस्तिदंत बाहेर जाई. त्याच पुस्तकात पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदरात उतरत असल्याचे लिहिले आहे, कल्याण आणि सोपारा यांचीही नावे आहेत. इथिओपियातल्या देब्रे दामो मठाच्या परिसरात कुषाण राजांची शंभराहून अधिक सुवर्णनाणी मिळाली आहेत. अक्सुमची स्वतःची नाणीही वर्गात दाखवण्यासारखी आहेत. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर चंद्रकोर आणि सूर्यबिंब आहे, नंतरच्या नाण्यांवर क्रूस. दोन्ही नाण्यांची मोठी चित्रे शेजारी ठेवली की घडले काय ते मुले स्वतःच सांगतात. अक्सुमचा २४ मीटर उंचीचा कोरीव दगडी स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये विमानाने तीन तुकड्यांत परत आला आणि २००८ मध्ये मूळ जागी पुन्हा उभा राहिला.

याच भूमीतून पुढे हजार-बाराशे वर्षांनी मलिक अंबर आला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा इथिओपियन मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले. मराठी मुलांना जंजिऱ्याचा सिद्दी चौथीपासून ठाऊक असतो, पण शत्रू म्हणून आणि फक्त किल्ल्यात. तो कुठल्या देशाचा, त्याच्या पूर्वजांची राज्ये कोणती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना रस्त्यात जे ऐकावे लागते, त्यात या अज्ञानाचा वाटा आहे, असे मला मनापासून वाटते. ‘काळा खंड’, ‘रानटी टोळ्या’ हे शब्द निदान आपल्या शिकवण्यातून तरी कायमचे जावेत.

या पुस्तकातला प्रत्येक पाठ एका वस्तूपासून सुरू होतो : पुतळा, नाणे, विटेची भिंत, धातुमळीचा तुकडा. माहिती नंतर येते आणि मुद्दामच थोडकी आहे. खार्टूमच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या वस्तूंची चित्रे दाखवताना २०२३ मध्ये पेटलेल्या सुदानच्या यादवीत ते संग्रहालय लुटले गेले, हे मुलांना सांगावे. पुरावा जमिनीतून वर आला म्हणजे सुरक्षित झाला, असे होत नाही. स्वाध्यायात सनावळी विचारलेली नाही. ‘हे कशावरून?’ आणि ‘याचा दुसरा अर्थ निघेल का?’ हेच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आहेत, आणि त्यांच्या उत्तरांना गुण देताना निष्कर्षापेक्षा कारणाला जास्त गुण द्यावेत. वर्षाच्या नियोजनात या विषयाला फार तास मिळणार नाहीत, याची मला कल्पना आहे. घाना आणि माली यांचे पाठ म्हणूनच शेवटी ठेवले आहेत. वेळ अपुरा पडला तर ते मुलांनी घरी वाचले तरी चालतील. केर्मा, ग्रेट झिम्बाब्वे आणि जेने-जेनो मात्र वर्गातच घ्यावेत, आणि त्या तासांना शिक्षकांनी कमी बोलावे.